नावं ठेवायला चार माणसं

माझी मुलगी दात करते. हे वाक्य मी जिथे जिथे उच्चारलं, तिथे तिथे ऐकणाऱ्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आहे. तेव्हा खुलासा करतो. ती दातांची डॉक्टर नाही. डॉक्टर लोक दात कोरतात, जबड्याचा साचा घेतात आणि मोकळे होतात. तो साचा मग एका कारखान्यात जातो. तिथे टेबलाशी वाकून बसलेली माणसं त्या साच्यावरून कृत्रिम दात घडवतात, रंगवतात, भट्टीत भाजतात आणि डॉक्टरकडे परत पाठवतात. त्या वाकलेल्या माणसांपैकी एक आमची ठमी. ती म्हणते, "बाबा, कारखाना नका म्हणू, लॅब म्हणा." मी लॅब म्हणतो. पण तिची मान पाहिली की मनात कारखानाच येतो.

ही लॅब मोठ्या शहरात आहे. देशभरातले निम्मे दात म्हणे त्याच शहरात तयार होतात. दातांनी तेच शहर का निवडावं, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलेलं नाही. तिथलं पाणी चांगलं नाही, हवा त्याहून वाईट, आणि ठमीच्या खोलीत दोन मुली एकदम उभ्या राहिल्या तर तिसरीला पलंगावर बसावं लागतं. तरी गावोगावची हुशार पोरं दात करायला तिकडेच धावतात.

मी टपाल खात्यात पार्सलच्या खिडकीमागे हयात काढली. त्यामुळे जगाकडे बघण्याचा माझा एक सिद्धान्त आहे. ज्या वस्तूचं पार्सल होतं, त्या वस्तूसाठी माणसाने गाव सोडायचं कारण नाही. साचा पार्सलने येतो, दात पार्सलने जातो. मग आमची ठमीच तेवढी तिथे कशाला? हा प्रश्न मी हिला, म्हणजे ठमीच्या आईला, इतक्या वेळा विचारला की शेवटी ती म्हणाली, "अहो, मला काय विचारता? मी पाठवलंय का तिला पार्सलने?"

खरं सांगायचं तर प्रश्न दातांचा नव्हताच. ठमी गेल्यापासून आमच्या घरात कोणी काही विस्कटत नाही. सकाळी वर्तमानपत्र जसं घडी घालून ठेवावं, तसं ते संध्याकाळी सापडतं. कात्री कात्रीच्या जागी असते. लोकांना वाटतं, काय टापटीप घर आहे! त्या टापटिपीचा मला अक्षरशः वीट आला होता. कात्री हरवावी आणि तिच्यावरून तिघांचं कडाक्याचं भांडण व्हावं, एवढीच माझी म्हातारपणाची इच्छा उरली होती.

अशात एकदा ठमी फोनवर म्हणाली, "घरीच असं टेबल असतं ना, तर किती बरं झालं असतं."

झालं! मी त्याच दिवशी वरची खोली मोजायला फूटपट्टी घेऊन गेलो.

"अहो, ती दमली होती म्हणून बोलली," ही म्हणाली. "दमलेलं माणूस काहीही बोलतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करू नका."

पण मी बाशिंग बांधून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मीच पसरवली. आमच्या उजवीकडे कॅशिअर राहतात. बँकेतून निवृत्त होऊन जमाना लोटला, पण अजून भाजीवाल्याने दिलेली नोट उजेडात धरून बघतात. डावीकडे हेडबाई. यांनी दोन पिढ्यांच्या वह्या तपासल्या, आता तिसरी सापडत नाही म्हणून लग्नपत्रिका तपासतात. आणि समोर इंजिनिअर. हे इंजिनिअर नाहीत. यांनी एकदा स्वतःच्या देखरेखीखाली कुंपणाची भिंत बांधून घेतली. ती भिंत रस्त्याकडे कललेली आहे, पण पडलेली नाही, या एका गोष्टीवर त्यांचा सगळा अधिकार उभा आहे.

"टेबल लाकडी नको," इंजिनिअर म्हणाले. "भट्टीच्या उष्णतेने वाकेल. दगडी करा. ग्रॅनाइट."

ग्रॅनाइटची फरशी आली. ती आमच्या जिन्यातून वर जाणार नाही हे गवंड्याने, हमालाने आणि हिने वेगवेगळं सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, "तिरकी करा." तिरकी केली. "अजून तिरकी." अजून केली. "आता तुम्ही खालून जरा हात लावा," असं ते मला म्हणाले. मी हात लावायला वाकलो, हमालाने वरून फरशी सोडली नाही पण टेकवली, आणि ती नेमकी माझ्या वरच्या पुढच्या दातावर टेकली.

फरशीला काही झालं नाही. ते सगळ्यांनी आधी तपासून पाहिलं.

गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी उरलेला तुकडा घासून जबड्याचा साचा घेतला, तुकड्यावर तात्पुरती प्लास्टिकची टोपी बसवली आणि म्हणाले, "कायमचा दात तुमच्या मुलीकडूनच करून घ्या की!" ती टोपी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर निघून गेली. कुठे गेली ते मी सांगणार नाही. मात्र तेव्हापासून मी जिथे जिथे गेलो, तिथे माझी फट माझ्याआधी पोचली.

याच अवतारात मला वीज कार्यालयात जावं लागलं. वायरमनने सांगितलं होतं की भट्टीसाठी वेगळा वीजभार मंजूर करून घ्या, नाहीतर भट्टी पेटेल आणि गल्ली विझेल. मी अर्ज लिहिला : 'घरगुती खोलीत दात भाजण्याच्या भट्टीकरिता जादा वीजभार मिळणेबाबत.' खिडकीतल्या कारकुनाने तो मोठ्याने वाचला. रांगेतल्या सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कोणाचे दात?" कारकुनाने विचारलं.

"लोकांचे."

"लोकांना हे माहीत आहे का?"

मी सगळं समजावून सांगितलं. भट्टी दुधाच्या पातेल्याएवढी असते हेही हाताने दाखवलं. त्याचं म्हणणं एकच, भट्टी म्हटली की उद्योग आला, उद्योग आला की शेजाऱ्यांचा ना-हरकत दाखला आला. तो घ्यायला मी घरी परतलो. कॅशिअरांनी दाखला तीनदा वाचला आणि सही केल्यावर शाई वाळेपर्यंत माझ्या हातात दिला नाही. हेडबाईंनी सही करण्याआधी लाल पेनने पाच चुका काढल्या. लाल खुणा असलेला दाखला वीज कार्यालय घेईना, म्हणून सगळं नव्याने लिहावं लागलं. मग कॅशिअर म्हणाले, "हा दाखला वेगळा आहे, पुन्हा वाचावा लागेल."

असं होता होता प्रकरण आतल्या साहेबांपर्यंत गेलं. साहेब कागद चाळत होते. एकदम म्हणाले, "पण तुम्हाला या वयात हा व्याप कशाला?"

आता कचेरीत खरं कारण सांगायचं नसतं, हे मला नोकरीतच कळलेलं. पण फटीतून हवा जात होती, तसंच बहुतेक तेही निसटलं. म्हटलं, "साहेब, मुलगी परत यावी म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. "माझा मुलगाही मोठ्या शहरातच आहे," ते म्हणाले. "शिकायला गेला. म्हणाला, दोन वर्षांत येतो. मग म्हणाला, नोकरीचा थोडा अनुभव घेतो. आता काही म्हणतच नाही." त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि माझ्यामागोमाग दारापर्यंत आले. "भट्टी बसवून पोरं परत येतात असं झालं, तर मला कळवा. मी दोन बसवीन."

ठमी आली. एका महिन्यासाठी, बघू जमतं का म्हणून. लॅबचे मालक, ज्यांना तिथे सगळे वस्ताद म्हणतात, त्यांनी तिचं टेबल महिनाभर राखून ठेवायचं कबूल केलं होतं. वर जाऊन तिने दिवा लावला. काळीभोर फरशी, भट्टी, मान वाकू नये म्हणून बुटकी केलेली खुर्ची, पार्सलं बांधायला कोपऱ्यात मी स्वतः मांडलेलं छोटं टेबल. ती फरशीवरून हात फिरवत राहिली. "बाबा, हे आमच्या लॅबपेक्षा चांगलं आहे हो," म्हणाली, आणि मग माझं तोंड बघून तिला हसू आवरेना. मीही हसलो. घरात किती दिवसांनी एवढा आवाज झाला! दुसऱ्याच दिवशी कात्री हरवली. मी आणि हिने एकमेकांकडे असं पाहिलं, जसं काही घरात लॉटरी लागली.

साचे येऊ लागले, दात जाऊ लागले. माझा सिद्धान्त रोज सकाळी दाराची घंटा वाजवून स्वतःला सिद्ध करत होता. डबी अशी बांधायचो की कुरियरवाला म्हणाला, "काका, आत दात आहे की दारूगोळा?"

फक्त एक गोष्ट मला खटकायची. दात पुरा झाला की ठमी तो चिमट्यात धरून खिडकीशी न्यायची. उजेडात फिरवायची. आणि मग, दर वेळी, मान वळवून बाजूला बघायची. बाजूला भिंत होती. भिंतीकडे जरा वेळ बघून ती परत टेबलाशी येऊन बसायची. पहिल्यांदा मला वाटलं, पाल असेल. पुढे पुढे ती तोच दात पुन्हा पुन्हा खिडकीशी नेऊ लागली. तिचं हसणं कमी झालं. जेवताना हातातला घास हातात राहू लागला.

शेवटी मी विचारलंच, "काय गं, कसली अडचण आहे का? उजेड कमी पडतो का?"

"उजेड चांगला आहे, बाबा."

"मग पगार? तिकडच्या सोयी? सिनेमे?"

"तिकडे मला पाय लांब करून झोपता येत नाही, कसल्या सोयी!" ती म्हणाली. "तुम्हाला हसू येईल. आमच्याकडे एक पद्धत आहे. दात झाला की खिडकीत न्यायचा. मग आजूबाजूचे उठून येतात. ज्याने केला त्याने तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी नावं ठेवायची. एक म्हणतो, हा दात आहे का खडू? दुसरी म्हणते, ही कड जिवंत माणसाची वाटते का तुला? वस्ताद तर बोलतसुद्धा नाहीत. नुसता दात परत माझ्या तळहातावर ठेवतात. की समजायचं, पहिल्यापासून सगळं."

"आणि हे तुला आवडतं?"

"सुरुवातीला बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आता कोणी नावं ठेवली नाहीत की झोप येत नाही. इथे दात चांगला झाला की वाईट, मला कळतच नाही हो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढंच होय! माणसं शहराकडे धावतात ती नावं ठेवून घ्यायला! मग आधी नाही का सांगायचं? आमच्या गल्लीत दुसरं पिकतं काय?

"अहो, नका," ही म्हणाली. पण मी चप्पल घालून निघालोही होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समिती वर जमली. मी खुर्च्या मांडल्या, एका बशीत मखमली कापडावर दाढ ठेवली आणि नियम समजावून सांगितला : ठमी बोलणार नाही, तुम्ही मनमोकळी नावं ठेवायची. तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या. कॅशिअरांनी भिंग आणलं होतं. दाढ उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "अस्सल आहे," ते म्हणाले.

"तेच तर नाही," मी म्हटलं. "चूक काढा."

हेडबाई म्हणाल्या, "छान आहे हो. पोरीने एवढ्या मेहनतीने केलंय, चूक कशी काढायची?" माझ्या दाखल्यात पाच चुका काढणाऱ्या त्या याच बाई!

मी पुन्हा विनवणी केली. तसे इंजिनिअर सरसावले. "दाढ उत्तम. पण खिडकी चुकीच्या भिंतीत आहे."

बांध फुटला. हेडबाई म्हणाल्या, "मान किती वाकवतेस गं! आणि केस कापलेस ते विचारून कापलेस का?" कॅशिअर म्हणाले, "एवढं शिकून शेवटी लोकांच्या उष्ट्या तोंडाची कामं. बँकेच्या परीक्षा का नाही दिल्यास?" इंजिनिअर म्हणाले, "ते जाऊ द्या, लग्नाचं काय?" मग तिघं मिळून लग्नावर जे बसले, ते चहाचे कप रिकामे झाले तरी उठेनात. दाढ बशीत तशीच पडून होती. ठमीने नियम पाळला, तोंड उघडलं नाही.

ते गेल्यावर ती पोट धरून हसली. हसता हसता गप्प झाली आणि दाढ डबीत घालू लागली. माझ्या तेव्हा लक्षात आलं. माणसाला नावं ठेवणारे आमच्याकडे पोत्याने होते. त्याने केलेल्या कामाला नावं ठेवणारा पंचक्रोशीत एक नव्हता. ठमीला तसली माणसं मी कुठून आणून देऊ? मला कळत होतं, पण कबूल करवत नव्हतं.

मग वस्तादांचा फोन आला. लॅबमध्ये काम वाढलंय, टेबल आता रिकामं ठेवता येत नाही, एक मुलगी वाट बघतेय. येणार की नाही ते संध्याकाळपर्यंत सांग.

ठमीने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमचा दात आज पुरा होईल," ती म्हणाली. "मला एकटीला जमतंय का ते त्याच्यावरून कळेल. बरोबर झाला असेल तर मी राहते, बाबा. खरंच राहते. तुम्ही दोघं इथे एकटे, मलाही तिकडे नीट घास उतरत नाही. पण खरं सांगायचं हं. मला बरं वाटावं म्हणून नाही."

त्या दिवशी मी दोनदा दाढी केली.

दुपारी तिने मला खिडकीशी बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि दात अलगद बसवला. ही जिन्यावरून वर येऊन उभी होती. माझ्याकडे बघत राहिली. "अगदी तसेच दिसताय," म्हणाली.

"कसा?"

"पूर्वीसारखे." आणि पदर डोळ्यांना लावून भिंतीकडे वळली.

ठमीने आरसा माझ्या हातात दिला. मी ओठ वर करून पाहिलं. सुंदर दात! पाणीदार, भरलेला, टोकाशी किंचित नक्षी. त्याच्या दोन्ही बाजूंना माझे दात, चहाने पिवळे पडलेले, कडा झिजून तिरक्या झालेल्या. म्हाताऱ्यांच्या बैठकीत एखादा कॉलेजकुमार चुकून येऊन बसावा, तसा तो तिथे बसला होता.

ठमी बोलत नव्हती. नियम तिच्या अंगवळणी पडला होता. फक्त तिचे हात एकमेकांत गुंतले होते.

'छान' म्हणायचं होतं मला. दोन अक्षरं. ती तोंडातून गेली असती की पोरगी घरी, कात्री हरवलेली, वर्तमानपत्र विस्कटलेलं. कोणाचं काय बिघडलं असतं? दात माझा, तोंड माझं, आणि फरशी मी छातीवर घेऊन वर चढवलेली. पण नीट न बांधलेलं पार्सल मी सख्ख्या मेव्हण्याचंही परत केलेलं आहे. आणि पोरीने खरं सांगायला सांगितलं होतं. मी ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"ठमे," मी म्हटलं, "हा दात माझा नाही."

"का?"

"याने अजून काही चावलेलंच नाही. कड बघ त्याची. शेजारचा बघ किती झिजलाय. तू दात केलास तो चांगलाच आहे गं, पण तो तरुण माणसाचा आहे."

तिने झटकन प्लास्टरचा साचा उचलला, उजेडात धरला, माझ्या तोंडाशी ताडून पाहिला. तिचा चेहरा पडला. "शिकाऊ पोरानेसुद्धा ही चूक केली नसती," ती म्हणाली. "साच्यात स्पष्ट दिसतंय. मी बघितलंच नाही. मी तुमचा दात आठवणीनेच करत गेले. पहिल्यांदा मला बसवर सोडायला आला होतात, तेव्हा बस सुटेपर्यंत हसत उभे होतात ना, तसा."

"मी हसत नव्हतो," मी म्हटलं. "रडू येऊ नये म्हणून दात दाखवत होतो."

मग तिने एकदम माझे दोन्ही खांदे धरले. "पण बाबा, तुम्ही चूक काढलीत! नेमकी चूक काढलीत!" आणि तिचे डोळे असे चमकले, की क्षणभर मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं : मी खिडकीशी बसलोय, ठमी दात आणून देतेय, मी नावं ठेवतोय. पण मी काही इंजिनिअर नव्हे. माझं मला ठाऊक होतं.

"मला एवढा एकच दात कळतो, ठमे," मी म्हटलं.

तिने दात काढून घेतला, वस्तादांना फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा करून फरशीवर ठेवला. तिने चूक सांगायचा अवकाश, पलीकडे चार आवाज एकदम उठले. एक विचारत होता, शेजारचा दात किती झिजलाय? दुसरी ओरडत होती, पिवळा कुठला वापरलास, आधी ते सांग! कोणीतरी म्हणालं, बापाला कॉलेजात धाडायला निघाली ही! ठमी उठून उभी राहिली, हातवारे करत त्यांच्याशी भांडू लागली, खोलीभर फिरू लागली, मोठमोठ्याने हसू लागली. महिनाभरात मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभा होतो, पण तिला तिथे मी दिसत नव्हतो, फरशी नाही की भट्टी नाही. वस्तादांनी तिला काही विचारलं नाही, तिनेही त्यांना काही सांगितलं नाही. पण ती जाणार हे फोनच्या दोन्ही बाजूंना कळलेलं होतं.

मी जपून जिना उतरलो. ही स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"ठमीची बॅग माळ्यावरून काढायला हवी," मी म्हटलं.

"कालच काढलीय," ती म्हणाली. "मागे उन्हात ठेवलीय. तेवढी घेऊन या आत."